बावीस जणी

डोळे मिटायची गरज नाही. फक्त आपल्या पायांकडे पाहा. टाचा जमिनीला टेकल्या आहेत, तेवढं जाणवू द्या. श्वास त्याच्या चालीनं चालू द्या.

आता मन वॉशिंग्टनला न्या. साल १९१३. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचं विद्यापीठ. तिथल्या बावीस विद्यार्थिनींनी १३ जानेवारीला डेल्टा सिग्मा थीटा हे भगिनीमंडळ काढलं. त्याआधी त्या १९०८ पासूनच्या अल्फा काप्पा अल्फा या मंडळात होत्या. तिथं मैत्रिणी होत्या, जिव्हाळा होता. पण त्यांना सार्वजनिक कामात उतरायचं होतं, मताधिकाराच्या लढ्यात जायचं होतं.

इथं जरा रेंगाळा. भांडून निघणं एक वेळ सोपं. आपल्या माणसांतून, माया असताना उठणं फार अवघड. तुम्ही कधी असं उठला आहात? उत्तराची घाई नको. प्रश्न नुसता जवळ असू द्या.

आणि माया तुटली असंही नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत अल्फा काप्पा अल्फाच्या नेली क्वांडर यांनी मार्चमध्ये निघणाऱ्या मताधिकार मोर्चाच्या आयोजकांना पत्र लिहून हॉवर्डच्या मुलींसाठी चांगली जागा मागितली. वर्णभेद होणार असेल तर येणार नाही, हेही कळवलं. हे पत्र मला फार मोलाचं वाटतं.

३ मार्च. नव्या मंडळाला आज बरोब्बर सात आठवडे झाले. उद्या नवे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा शपथविधी, म्हणून गावोगावची माणसं लोटली आहेत. पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर हजारो स्त्रिया मत मागायला निघाल्या आहेत. कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावं, असं आयोजकांपैकी काहींचं म्हणणं. तरी हॉवर्डच्या मुली आल्या आहेत, अंगात पदवीदानाचा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी. या नव्या मंडळाचं हे पहिलं जाहीर काम.

बघ्यांची गर्दी दोन्ही बाजूंनी आत सरकते आहे. शिव्या, टोमणे. पोलीस नुसते उभे. रस्ता अरुंद होत चालला आहे.

१९२० साली स्त्रियांना मत मिळेल. दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांना ते खरोखर टाकता येण्यासाठी १९६५चा कायदा यावा लागेल. त्या मुलींना यातलं काहीच ठाऊक नाही.

पुन्हा पायांकडे या. शेजारणीचा खांदा तुमच्या खांद्याला लागतो आहे, तिच्या झग्याची बाही मनगटाला घासते आहे. एक पाऊल टाका. मग दुसरं. सावकाश.