पाच-शून्यनंतरचं वर्ष

२०२५ च्या २८ सप्टेंबरला भारताने दुबईत पाकिस्तानला हरवून आशिया चषक जिंकला. स्पर्धेतल्या तिन्ही भारत-पाक सामन्यांत हस्तांदोलन झालं नाही, आणि पाकिस्तानी क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांच्या हातून चषक घ्यायला आपल्या संघाने नकार दिला. त्यानंतर जी समर्थनं वाचनात आली त्यांतल्या एकाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. एका अभ्यासू स्तंभलेखकाने लिहिलं, हस्तांदोलन हे मुळात ढोंगच. ईर्ष्या खरी असेल तर खेळ म्हणजे युद्धच असतं. पुराव्यादाखल त्यांनी कोलकात्याचं उदाहरण दिलं. आपला संघ पाच गोलांनी हरला म्हणून तिथे एका तरुणाने जीव दिला, तेव्हा खिलाडूवृत्तीच्या गप्पा पुरे.

हे उदाहरण ३० सप्टेंबर १९७५ ला ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या कोलकात्याच्या क्लबांमध्ये झालेल्या आयएफए शील्ड फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याचं आहे. दुबईच्या सामन्यानंतर दोनच दिवसांनी त्याला पन्नास वर्षं पूर्ण झाली. ते उदाहरण अर्धवट दिलं गेलं, म्हणून हा लेख.

सामना मोहन बागानच्याच मैदानावर होता. पाचव्या मिनिटाला सुरजित सेनगुप्ताने ईस्ट बंगालचा पहिला गोल केला. मग श्याम थापा, रणजित मुखर्जी, मध्यंतरानंतर पुन्हा थापा, आणि संपता संपता शुभंकर सान्याल. पाच-शून्य. या दोन क्लबांच्या लढतीत एवढा मोठा पराभव त्याआधी झाला नव्हता, त्यानंतरही झालेला नाही. देशात आणीबाणी होती. दीड महिन्यापूर्वी ढाक्यात बांगलादेशचे राष्ट्राध्यक्ष शेख मुजीब यांची हत्या झाली होती. फाळणीत आणि त्यानंतर पूर्व बंगालमधून उठून आलेल्या लाखो कुटुंबांचा क्लब म्हणजे ईस्ट बंगाल. कोलकात्यात ज्यांना बांगाल म्हणून हिणवलं गेलं त्यांचा. मोहन बागान घोटींचा, म्हणजे पश्चिमेकडच्या मूळ रहिवाशांचा. १९११ मध्ये ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून हीच शील्ड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ. त्या संध्याकाळी एका बाजूला इलिश मासा शिजला आणि दुसऱ्या बाजूला चुली थंड राहिल्या. चिडलेल्या जमावापासून वाचण्यासाठी मोहन बागानच्या काही खेळाडूंना रात्र गंगेवर नावेत काढावी लागली, असं कोलकात्यात आजही सांगतात. आणि मोहन बागानच्या त्या तरुण समर्थकाने आत्महत्या केली. पुढच्या जन्मी या क्लबचा खेळाडू होऊन सूड घेईन, अशा अर्थाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली.

इथवर स्तंभलेखक बरोबर आहेत. त्यांच्या मागे जॉर्ज ऑर्वेलही उभा आहे. १९४५ च्या डिसेंबरात, मॉस्कोच्या डायनॅमो संघाच्या ब्रिटन दौऱ्यानंतर, त्याने खेळांविरुद्ध एक छोटा, धारदार निबंध लिहिला. खेळांमुळे राष्ट्रांमध्ये सद्भाव वाढतो ही समजूत त्याने मोडीत काढली. त्याच्या मते खेळ वैर निर्माण करतात, आणि ईर्ष्येचा खेळ व लढाई यांत फरक उरतो तो फक्त शस्त्रांचा. ऑर्वेल बिहारमध्ये मोतिहारीला जन्मलेला आणि ब्रह्मदेशात पाच वर्षं पोलीस अधिकारी म्हणून राहिलेला. त्यामुळे तिथल्या फुटबॉल सामन्यांना लागणारं पोलिसांचं कडं आणि मैदानात घुसणारे प्रेक्षक त्याला ठाऊक होते. हा निबंध मी अनेकदा वाचला आहे. तो सोपा वाटतो, पण त्याला उत्तर देणं सोपं नाही.

नेहमीचं उत्तर असं, की खेळ वैराला वाट करून देतो. माणसं नव्वद मिनिटं ओरडतात, वाफ निघून जाते, रस्त्यावरची हिंसा टळते. पुष्कळ वर्षं हेच उत्तर पुरेसं मानलं गेलं, आणि कोलकात्यानेच ते खोटं पाडलं. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या लीग सामन्यात मैदानावर धक्काबुक्की झाली, ती प्रेक्षकांत पसरली, आणि सोळा माणसं चेंगरून मेली. तिथे वाफ निघून गेली नाही, साचली. त्या सोळा जणांना समोर ठेवून कोणी मला वाट करून देण्याचा सिद्धांत सांगू नये.

मग ऑर्वेलला उत्तर कुठे आहे? ते सामन्याच्या दिवशी सापडत नाही. त्यासाठी पुढचं वर्ष पाहावं लागतं.

१९७५ च्या त्या सामन्यात मोहन बागानचा गोलरक्षक होता तरुण भास्कर गांगुली. चार गोल झाल्यावर त्याला बाहेर बोलावून प्रशांत मित्राला उतरवलं. गोलरक्षकाला सामन्याच्या मधून काढणं म्हणजे काय, हे मैदानावर उभं राहिलेल्यालाच कळेल. लपायला त्याला जागा नसते. झालेला प्रत्येक गोल त्याच्याच नावावर लागतो, आणि त्या दिवशी तर तो आपल्याच क्लबच्या मैदानावर, आपल्याच माणसांसमोरून चालत बाहेर गेला. हे खरोखरच युद्ध असतं तर त्याची गोष्ट तिथे संपली असती. पण पुढच्या हंगामात त्याला घेतलं ते ईस्ट बंगालने. ज्यांनी त्याच्या जाळ्यात गोल मारले होते, त्यांनीच. पुढे कित्येक वर्षं तो त्यांचा गोलरक्षक होता, आणि १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत तो भारताचा कर्णधार झाला.

त्या सामन्यात ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी होते. खेळाडू म्हणून ते या दोन्हींपैकी एकाही क्लबकडून खेळले नाहीत, त्यांची हयात ईस्टर्न रेल्वेच्या संघात गेली. १९७६ मध्ये ते मोहन बागानला गेले, आणि त्याच वर्षीच्या लीग सामन्यात त्यांच्या नव्या संघाच्या मोहम्मद अकबरने सतराव्या सेकंदाला ईस्ट बंगालवर गोल केला. दोन गोल मारणारा श्याम थापा १९७७ मध्ये मोहन बागानचा झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याची गाजलेली सायकल किक ईस्ट बंगालच्या जाळ्यात गेली. तो तर गुरखा, देहरादूनकडचा. घोटीही नव्हे, बांगालही नव्हे. त्याच्याही आधी, १९४९ ते ५३ या काळात ईस्ट बंगालचे जे पाच आघाडीवीर पंचपांडव म्हणून गाजले ते होते व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह. सगळे दक्षिणेतले. पद्मा नदीकाठच्या निर्वासितांनी आपली प्रतिष्ठा या पाच जणांच्या पायांवर सोपवली, आणि त्यांत धर्म, भाषा, प्रांत यांपैकी कशानेही खो घातला नाही.

ऑर्वेलने वैर पाहिलं, ही ये-जा पाहिली नाही. सैनिक पुढच्या वर्षी पलीकडच्या सैन्यात भरती होत नाही. इथे बाजू ठाम असते, पण ती जन्माने बंद केलेली नसते. हरलेला पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे, त्याने यावं, आणि तो तितकाच बळकट असावा, ही या ईर्ष्येची अटच आहे. मोहन बागान बुडाला तर ईस्ट बंगालच्या विजयाला किंमत राहत नाही, हे कोलकात्यातल्या कुठल्याही समर्थकाला सांगावं लागत नाही.

जन्माने बंद केलेली ईर्ष्या कशी असते हे पाहायला मराठी वाचकाला कोलकात्यापर्यंत जायला नको. मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा आठवावी. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेले. १९४३ च्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्न स्टेडियमवर रेस्टच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारेंच्या होत्या, आणि त्या हिंदू संघाविरुद्ध होत्या. हजारे सांगलीचे. त्या संघातल्या कित्येकांइतकेच मराठी. पण ख्रिस्ती म्हणून त्यांची जागा ‘उरलेल्यां’त. संघ बदलायची मुभा त्यांना नव्हती, कारण त्यासाठी धर्म बदलावा लागला असता. आणि त्याआधीच्या काळात हिंदू संघाच्या आतही पळवणकर बाळूंसारख्या असामान्य गोलंदाजाला कर्णधारपद मिळालं नाही ते जातीमुळे. ही स्पर्धा १९४६ नंतर बंद झाली ते योग्यच झालं. ऑर्वेलचा आरोप कुठे तंतोतंत लागू पडत असेल तर इथे.

आज भारत-पाक सामन्याला आपण पंचरंगीच्या वाटेवर नेतो आहोत, आणि दाखला मात्र कोलकात्याचा देतो. माझा राग या फसवणुकीवर आहे. कोलकात्याने आपल्या मृतांचं काय केलं हेही स्तंभलेखकांनी लिहायला हवं होतं. १६ ऑगस्ट तिथे फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात आणि त्या दिवशी रक्तदान करतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाली. शहर पेटलेलं होतं, म्हणून १८ ऑगस्टचा ड्युरँड चषकातला या दोन संघांचा सामना रद्द केला गेला. तरीही समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर आले. ईस्ट बंगालचे, मोहन बागानचे, मोहम्मडन स्पोर्टिंगचेही, आपापले झेंडे घेऊन. लाल-पिवळ्या आणि हिरव्या-मरून जर्सीतल्यांनी एकमेकांना खांद्यावर घेतलं, एकत्र न्याय मागितला आणि पोलिसांच्या लाठ्याही एकत्र खाल्ल्या. शंभर वर्षं समोरासमोर उभं राहिलेली माणसं एकमेकांना नीट ओळखत होती, म्हणून ती एका रात्रीत एकत्र येऊ शकली.

हस्तांदोलन नाकारण्यामागे कारण होतं पहलगामचं. तिथल्या दहशतवादी हल्ल्यात सव्वीस निरपराध माणसं मारली गेली. त्या दुःखापुढे क्रिकेट नको असं कोणाला वाटलं तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. बहिष्कार ही सन्मान्य भूमिका आहे. त्यात सामने सोडावे लागतात, गुण सोडावे लागतात, प्रक्षेपणाचे पैसेही सोडावे लागतात. आपण यांतलं काहीच सोडलं नाही. तिन्ही सामने खेळलो, तिकिटं विकली, जाहिराती घेतल्या आणि फक्त हात मागे घेतला. प्रतिस्पर्ध्याचा हात हातात घेववत नसेल तर मंडळाने पुढच्या वेळी सामना सोडून द्यावा. उतरायचं ठरवलं असेल, तर सामना संपल्यावर हात द्यावा.