जाब विचारणारी निष्ठा

चित्रकथांची एखादी मालिका वर्षानुवर्षं घरात येत असते. पुढे तिची गोष्ट पातळ होते, चित्रं उरकल्यासारखी दिसू लागतात, तरी अंक घेणं काही थांबत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: इतकी वर्षं घेतली, आता मध्येच कशी सोडायची? प्रश्न चार पैशांचा दिसतो, पण तो आहे निष्ठेचा, आणि म्हणून धर्माचाही. ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानेच निराश केलं, तर माणसाने काय करावं? मराठीत ही गाठ ‘चांदोबा’ आणि ‘इंद्रजाल कॉमिक्स’ यांच्या वाचकांना पडली. चांदोबा मराठीत आला 1952 मध्ये. इंद्रजालने 1964 ते 1990 या काळात वेताळ, मांड्रेक आणि बहादूर हे नायक घरोघरी नेले. मला ठामपणे वाटतं की निराश करणारी मालिका घेणं थांबवल्याने निष्ठा मोडत नाही. तोंडातून चकार शब्द न काढता ती घेत राहिलं, तर मात्र मोडते.

चिकाटी म्हणजे सद्गुणच, असं आपण धरून चालतो. गीता तसं धरत नाही. अठराव्या अध्यायात धृतीचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतली तामस धृती म्हणजे झोप, भय, शोक, विषाद आणि मद यांना न सोडणारी. संग्रह अपुरा राहील हे भय, आणि सरलेल्या बालपणाचा शोक. यांच्या जोरावर जो अंक विकत घेतला जातो, त्यामागची धृती याच जातीची म्हणावी लागेल. चांदोबातल्या विक्रम-वेताळाकडेही या नजरेने पाहावं. हट्ट न सोडणारा राजा पुन्हा झाडाकडे जातो, प्रेत खांद्यावर टाकतो, आणि मौन मोडलं की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मात्र या फेऱ्यांना शेवट आहे. राजाला अखेरच्या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही, वेताळ त्याच्यावर प्रसन्न होतो आणि सावध करतो की ज्या योग्याला तू शब्द दिलास, तो तुझाच बळी देणार आहे. शब्द पाळणारा राजा थोरच, पण शब्द घेणारा खोटा होता, आणि हे कळल्यावर राजा वेगळं वागला म्हणून जगला. मूळच्या पंचवीस कथा संपल्यावरही चांदोबाने नव्या कथा रचून मालिका चालू ठेवली. त्यामुळे मराठी मुलांच्या मनात राहिला तो झाडाकडे परतणारा राजा. कथेचा शेवट मागे पडला.

जाब विचारणं हीही निष्ठाच, हे भामरागडच्या माणसाला पटवायला ग्रंथ काढावे लागत नाहीत. तिथे पर्लकोटा आणि पामुलगौतम इंद्रावतीला मिळतात, आणि इंद्रावतीपलीकडे बस्तर. दोन्ही काठांवर माडिया-गोंडांची वस्ती आहे. बस्तरात केशकालला भंगाराम देवीचं ठाणं आहे, आणि दर भाद्रपदात तिथल्या जत्रेत देवांवर खटले चालतात. गावोगावचे लोक आपापले देव घेऊन येतात. पीक बुडालं, रोगराई आली, पूजाअर्चा करूनही देवाने राखलं नाही, अशी फिर्याद सर्वांसमोर मांडली जाते. साक्षीला कोंबडीही उभी करतात. निवाडा देवीचा. दोषी ठरलेल्या देवाला देवळामागे झाडांखाली ठेवलं जातं, आणि शिक्षा चालू असेपर्यंत त्याची पूजा बंद. देव सुधारला तर मानाने परत. श्रद्धा इतकी परिपक्व असलेली मला दुसरीकडे क्वचितच दिसली. हे लोक देवाला टाकून देत नाहीत, आणि त्याने काहीही केलं तरी नैवेद्य दाखवत राहत नाहीत. तक्रार उघड असते, शिक्षेला मुदत असते आणि परतीची वाट मोकळी असते. देवाचा हा कायदा असेल, तर मासिकाला त्यातून सूट कशासाठी?

यावर वारीचा दाखला दिला जाईल: वारकरी फळाची आशा न धरता दरवर्षी पंढरपूरला जातो, मग वाचकानेच हिशेब का मांडावा? पण विठ्ठलाशी कडकडून भांडण्यात जनाबाई आणि नामदेव मागे राहिले नाहीत. शिवाय फळाची आशा सोडायची ती आपल्या कर्मापुरती. दुसऱ्याने पैसे घेऊन केलेल्या कामात कुचराई केली, तर ती पोटात घालायला गीता सांगत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. मराठीत मुलांसाठी आधीच थोडं निघतं, आपणही पाठ फिरवली तर तेही बंद पडेल. ही भीती खरी आहे. पण चांदोबाचं काय झालं ते पाहावं. 2007 मध्ये तो जिओडेसिक कंपनीकडे गेला, पुढे कंपनीच आर्थिक अडचणीत सापडली आणि अंक थांबले. वाचकांचा जिव्हाळा त्याला वाचवू शकला नाही. उलट इंद्रजालने 1976 मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आणला, आणि परदेशी नायकांच्या रांगेत इथल्या मातीतला नायक उभा राहिला. मालिका सुधारू शकते, म्हणून तर जाब विचारण्यात अर्थ आहे.

तिसरी शंका सगळ्यांत अवघड. मालिका खरंच घसरली की आपणच मोठे झालो? दहा वर्षांच्या मुलाला तोच अंक पहिल्यांदा वाचताना आनंद होत असेल, तर कंटाळा मोठ्याचा आहे, आणि अंक मुलाच्या हाती द्यायला हवा. पण प्रत्येक निराशा कंटाळ्याची नसते. भामरागडजवळच्या हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, 1976 मध्ये आश्रमशाळा उघडली. घरी माडिया बोलणाऱ्या मुलाला मराठी शाळेत शिकावी लागते. अशा मुलाला अक्षरांआधी चित्र कळतं, म्हणून चित्रकथेचं मोल त्याच्यासाठी शहरातल्या मुलापेक्षा मोठं, आणि तिचा दोषही मोठा. इंद्रजालमधल्या वेताळाच्या कथेत त्याला काय दिसतं? घनदाट जंगल, भाले घेतलेले बुटके बांदर लोक, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचं रक्षण करणारा बाहेरून आलेल्या घराण्यातला मुखवटाधारी गोरा. जंगलातल्या माणसाला स्वतःचा न्याय करता येत नाही, असं ते चित्र न बोलता सांगतं. आणि हे मूल ज्या समाजातलं आहे, त्याचे नदीपलीकडचे भाऊबंद देवालाही आरोपी म्हणून उभं करतात. इथली निराशा चवीची नाही, खोटेपणाची आहे. मुलाला मजा येते, एवढ्याने तो खोटेपणा धुतला जात नाही.

म्हणून शाळेसाठी किंवा घरासाठी अंक घेणाऱ्याने गुपचूप वर्गणी बंद करून मोकळं होऊ नये. काय बिघडलं ते प्रकाशकाला नावानिशी, पानांचे दाखले देऊन कळवावं आणि वर्षभर खरेदी थांबवावी. ते पैसे मुलांच्या दुसऱ्या मराठी पुस्तकांवर खर्च करावेत, म्हणजे शिक्षा मालिकेला होईल, भाषेला नाही. वर्ष सरलं की एक ताजा अंक मागवावा, मुलांसोबत बसून वाचावा आणि त्यांनाही साक्षीला घेऊन निवाडा पुन्हा करावा.