‘यापूर्वी कधी अटक झाली आहे का?’

रत्नागिरीला आपल्या कैद्यांचं भारी कौतुक. पाहुणा आला की त्याला थिबा पॅलेस दाखवायचा, मग विशेष कारागृहातली सावरकरांची कोठडी. १९२४ साली सुटका झाल्यावरही सावरकरांना १९३७ पर्यंत याच जिल्ह्यात राहावं लागलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. शिरोडं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होतं. १९३० च्या मे महिन्यात तिथं मिठाचा सत्याग्रह करून जे तुरुंगात गेले, त्यांची अटक घराण्याच्या मानमरातबात जमा झाली.

सरकारनंही अशा अटकांचे दाम मोजले. केंद्राची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाची योजना १९७२ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी सहा महिन्यांचा कारावास सिद्ध करायला तुरुंगाचा दाखला लागे आणि जुनं दप्तर हाती लागलं नाही तर सहकैद्यांची प्रमाणपत्रं चालत. महाराष्ट्रानं २०१८ मध्ये आणीबाणीतल्या बंदीवानांना मानधन सुरू केलं. महिन्याहून जास्त काळ आत राहिलेल्यांना दरमहा १०,००० रुपये, कमी काळ राहिलेल्यांना ५,०००. २०२० मध्ये नव्या सरकारनं ते बंद केलं आणि २०२२ मध्ये त्याहून नव्या सरकारनं ते पुन्हा सुरू केलं. तुरुंगाच्या दप्तरातली नोंद मात्र या काळात एका अक्षरानंही बदलली नव्हती.

आता याच जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात या. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध २०१० च्या अखेरीस माडबन परिसरात जेलभरो झालं. उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांनाही तेव्हा अटक झाली होती. १८ एप्रिल २०११ ला नाटे इथं पोलीस गोळीबारात एक मच्छीमार गेला. पुढे नाणारची रिफायनरी आली आणि वारली. मग एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाची यंत्रं चढली, तेव्हा बायाबापड्यांसह शंभरावर लोकांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. प्रकल्प हवा की नको, हा वाद इथं बाजूला ठेवतो. मला त्या कागदाचं बोलायचंय, जो अशा दुपारी तयार होतो आणि आंदोलन लोक विसरले तरी जागा असतो.

कारण ही घरं आंब्यावर आणि मासळीवर जेवढी चालतात, तेवढीच परमुलखातल्या पगारावर. मुलगा आखातात जातो, नाहीतर जहाजावर. दोन्हीकडे पासपोर्ट लागतो आणि पासपोर्टला पोलीस पडताळणी. अर्जात प्रश्न असतो, खटला प्रलंबित आहे का? सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात तर थेट विचारतात, कधी अटक झाली आहे का? गावात याला म्हणतात, ‘नाव लागलं’. एकदा नाव लागलं की ते कुठंकुठं लागलंय, हे शोधणं हेच पहिलं काम होऊन बसतं.

ठाणे दैनंदिनीत एक नोंद होते. प्रतिबंधात्मक कारवाई असेल तर ती जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५१ कलमाखाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या १७० खाली. शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यायचं ठरलं तर ‘चॅप्टर केस’ तयार होते आणि ती चालते कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे. गुन्हा दाखल झाला तर गुन्हा रजिस्टर नंबर पडतो, तो सीसीटीएनएस या देशभरच्या पोलीस संगणकजाळ्यात जातो. अटकेचा फॉर्म, ठसे, फोटो होतात. दोषारोपपत्र गेलं की न्यायालयाचा सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर मिळतो. शिवाय जिल्हा विशेष शाखेची टिपणं असतात, ती वेगळीच. यातलं बरंचसं परक्या माणसाला घरबसल्या दिसतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितल्यापासून संवेदनशील प्रकरणं वगळता प्रथम खबर २४ तासांत संकेतस्थळावर चढते आणि ई-कोर्टावर नाव टाकून खटला शोधता येतो. सोयरीक जुळवणाऱ्यांनी हे आमच्याआधी ओळखलं. ज्याचं नाव आहे त्याला मात्र आपल्या सगळ्या नोंदी एका जागी मिळण्याची सोय नाही. ठाण्यात, न्यायालयाच्या नक्कल विभागात आणि माहिती अधिकाराच्या खिडकीवर त्यानं वेगवेगळे अर्ज करत फिरायचं.

आणि नोंद पुसायची म्हटलं तर? तशी खिडकीच नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत अटकेची नोंद झाकण्याचा किंवा नष्ट करण्याचा काहीतरी कायदेशीर मार्ग असतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यानं काही मुदतीनंतर बऱ्याच शिक्षा ‘संपलेल्या’ धरतात. आपल्याकडे सज्ञान माणसासाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. बालन्याय कायद्यात अल्पवयीनांच्या नोंदी नष्ट करण्याची तरतूद आहे. मोठ्यांच्या वाट्याला तुकडे आले आहेत.

त्यातला सगळ्यांत गाजावाजाचा तुकडा म्हणजे खटले मागे घेणं. डिसेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी नाणारच्या आंदोलकांवरचे गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली. वर्तमानपत्रांचे मथळे वाचून लोकांना वाटतं, झालं, सुटलो. पण घोषणेनं काहीच सुटत नाही. शासन निर्णय, समितीपुढची छाननी, मग सरकारी वकिलाचा अर्ज आणि त्यावर न्यायालयाची परवानगी, एवढा प्रवास शिल्लक असतो. अलीकडच्या शासन निर्णयांत अटीही असतात. जीवितहानी झालेली नसावी, मालमत्तेचं नुकसान ५ लाखांच्या आत असावं. परवानगी मिळाली की आरोप निश्चित होण्याआधी असेल तर माणूस दोषमुक्त आणि नंतर असेल तर निर्दोष. तरी ठाण्यातली नोंद जागच्या जागी.

दुसरा तुकडा उच्च न्यायालयाचा. गुन्हाच रद्द करून घ्यायला तिथं जावं लागतं. त्यासाठी आजवर मुंबई गाठावी लागे, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय. आंबा घाट चढला की पोचता येतं, एवढा खर्च वाचला. वकिलाचा वाचत नाही.

तिसरा तुकडा २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात आहे. ठसे, फोटो, डोळ्यांचे पडदे ही मापं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ७५ वर्षं ठेवणार. पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर अपिलाचे मार्ग संपल्यावर ती नष्ट करायची, असंही कायदा म्हणतो; न्यायालयानं लेखी कारण देऊन वेगळा आदेश दिला तर गोष्ट निराळी. वाचायला छान. पण विनंती करायची ती राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे. नाट्याच्या किती खलाशांना असा अधिकारी असतो हे ठाऊक असेल? आणि ही तरतूद मापांपुरती आहे, रजिस्टरांना ती लागू नाही.

इथवर वाचून वाटेल, मी नोंदी पुसण्याची वकिली करतोय. तसं नाही. अटकेची नोंद पोलिसांपेक्षा अटक झालेल्याच्या जास्त कामाची असते. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं, जिल्हा नियंत्रण कक्षात फलकावर माहिती लावणं हे सगळं सक्तीचं केलं, ते कोठडीतले मृत्यू पाहून. ज्या अटकेची नोंदच नाही, ती सर्वांत घातक. उद्या एखाद्या बाईला ‘मला सड्यावरून उचलून दिवसभर बसवून ठेवलं’ अशी तक्रार करायची असेल, तर ठाणे दैनंदिनीतली ती ओळच तिची साक्षीदार. ती पुसून टाकणाऱ्या सुधारणेला पहिला पाठिंबा पोलिसांचा मिळेल.

माझं मागणं अपुऱ्या नोंदी पुऱ्या करण्याचं आहे. ‘अटक’ हा शब्द पोलीस लिहितात, पण त्या गोष्टीचा शेवट न्यायालयात लिहिला जातो आणि पहिल्या कागदावर तो शेवट चढवायची जबाबदारी व्यवहारात आरोपीवर येऊन पडते. हे उलट हवं. पोलीस, न्यायालय आणि तुरुंग यांच्या संगणकप्रणाली एकमेकांना जोडणारी व्यवस्था केंद्रानं उभारलीच आहे. मग निकाल लागताच तो ठाण्याच्या नोंदीवर आपोआप चढावा आणि निर्दोष सुटलेल्याचं नाव परक्याला शोधता येऊ नये. आतल्या दप्तरात खुशाल राहू दे. अर्ज करणाऱ्यालाच न्याय, या पद्धतीचं काय होतं ते अमेरिकेतल्या मिशिगननं दाखवलंय. तिथं नोंद झाकून घ्यायला पात्र असलेल्यांपैकी पाच वर्षांत जेमतेम साडेसहा टक्क्यांनी ती झाकून घेतली, असं प्रेस्कॉट आणि स्टार या अभ्यासकांना २०२० मध्ये आढळलं. पेनसिल्व्हेनियानं २०१८ मध्ये हे काम यंत्रावर सोपवण्याचा कायदा केला.

न्यायालयांची दिशा तशी उमेदीची आहे. केवळ गुन्हा नोंदला म्हणून कुणी नालायक ठरत नाही, हे वारंवार सांगून झालंय. अवतार सिंग खटल्यात (२०१६) तर सर्वोच्च न्यायालयानं कोवळ्या वयात दिलेल्या घोषणा हे क्षुल्लक गुन्ह्याचं उदाहरणच दिलं. परराष्ट्र मंत्रालयानंही २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की न्यायालयानं दखल घेण्याआधी नुसत्या गुन्ह्याला प्रलंबित खटला समजू नये. पण पडताळणीच्या टेबलावर हे निकाल उघडून कोण बसतं? तिथं पडद्यावर नाव दिसतं आणि शेरा पडतो. आखाताचा एजंट त्या शेऱ्यासाठी थांबत नाही, दुसरा पोरगा पाठवतो.

म्हणून तूर्त जाणते वकील निकालाच्या दिवशीच अशिलाला बजावतात, प्रमाणित नकला आजच काढून घे, एक नव्हे, चार. ते अनुभवाचं बोलणं असतं. किरकोळ फौजदारी खटल्यांचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची पद्धत न्यायालयांत आहे, दप्तरखान्यात जागा नसते. म्हणजे निर्दोषत्वाचा पुरावा आधी रद्दीत जाऊ शकतो, आणि अटकेचे ठसे ७५ वर्षांच्या मुदतीनं वर दिल्लीत.