कोलाहलात ऐकणारे कान



जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत यात्रा व लग्नसराई आली की कर्णे गर्जू लागतात. आजारी मनुष्य अंथरुणावर तळमळतो, आणि प्रार्थनेस बसलेल्याच्या मनात शेजाऱ्याविषयी कटुता उपजते. ही कटुता त्या आवाजाहून घातक होय.

खोडद येथील महादुर्बिणीकडे पाहा. त्या परिसरातील ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आकाशातील अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. मनुष्यकृत लहरींचा गोंधळ कमी म्हणून ते स्थळ निवडले; तरी उरलेला गोंधळ गाळावाच लागतो. एलीयासही होरेबावर वारा, भूमिकंप व अग्नी ओसरल्यावरच देवाचा मंद शब्द ऐकू आला.

सन २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णा लावण्यास सामान्यतः मनाई आहे. तेव्हा आजाऱ्याकरिता शेजाऱ्यास नम्रपणे विनविणे हे पाप नव्हे. मात्र आपल्या नाताळच्या भजनाचा कर्णा आपण आधी उतरवावा.

विनवूनही आवाज न थांबला, तर प्रभूप्रमाणे पहाटेच्या अंधारात उठा, आणि त्याच शेजाऱ्याचे नाव घेऊन प्रार्थना करा. आवाज कदाचित राहील. द्वेष राहणार नाही.