आजाऱ्याच्या हातचे काम



घरात कोणाला कर्करोग झाल्याचे कळले की आपण आधी त्याच्या हातातले काम काढून घेतो. "तुम्ही फक्त आराम करा." हे आपण प्रेमानेच म्हणतो, पण कामाबरोबर घरातली त्याची जागाही जाते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

पूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगत. मात्र २०२५ साली आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया व केमोथेरपीनंतर ज्यांच्याकडून तीन वर्षे मार्गदर्शनाखाली व्यायाम करून घेतला, त्यांच्यातील सुमारे ९० टक्के आठ वर्षांनी हयात होते. ज्यांना नुसती माहिती दिली, त्यांच्यातील ८३ टक्के.

शरद पवारांना २००४ मध्ये तोंडाचा कर्करोग झाला. त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. मंत्र्यांची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. आपल्या बीडच्या ऊसतोड मजुराला आधी विश्रांतीच परवडत नाही.

कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे दिंड्या पायी येतात. वाटेत कोणी मागे पडतो, कोणी झाडाखाली बसतो. म्हणून तो दिंडीतला राहत नाही, असे कोणी म्हणत नाही. केमोनंतर उठवत नसेल तर पडून राहावे. किती चालायचे ते डॉक्टरांना विचारावे. पण बरे वाटेल त्या दिवशी भाजी निवडायला, घरचा हिशेब पाहायला आपण त्यांना हाक मारतो का?