हजेरी कुणाच्या नावावर?

घरबसल्या काम मिळालं की एकट्या आईचा प्रश्न मिटला, अशी मांडणी सध्या फार सहजपणे केली जाते. वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्यांत ती असते, कौशल्यविकासाच्या मेळाव्यांत असते, नातेवाइकांच्या सल्ल्यात तर असतेच. ‘टायपिंग येतं ना तुला? मग कर की घरी बसून. पोराकडेही लक्ष राहील.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण एकाच बाईनं एकाच तासात दोन कामं करावीत, आणि त्यातल्या एकाचेच पैसे मागावेत, असं आपण तिला सांगतो आहोत हे त्याच्या मनातही येत नाही. मला अस्वस्थ करतं ते हे मनातही न येणं.

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्यातलं गाव. जिल्हा बुलढाणा, पण घाटाखालचं. उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरव्याचं अभयारण्य, शिवारात कपाशी, सोयाबीन, संत्र्याच्या बागा. रेल्वे धरायची तर शेगाव गाठावं लागतं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी काम निघालं तर घाट चढावा लागतो. अशा गावात माहेरी राहणारी, दुसरीतल्या मुलाची आई डोळ्यांसमोर आणू. नवरा चाकणकडे कारखान्यात. दोघं वेगळी झाली आहेत, पण मुलाच्या बाबतीत बोलणं तुटलेलं नाही. तो पैसे पाठवतो, रोज व्हिडिओ कॉल करतो, शाळेचा निर्णय दोघं मिळून घेतात, दिवाळीत आणि उन्हाळ्यात मूल त्याच्याकडे जातं. तिच्या पेटीत लग्नाआधी काढलेली टंकलेखनाची प्रमाणपत्रं आहेत, मराठी 30 आणि इंग्रजी 40. विदर्भातल्या तालुक्या-तालुक्यात मुलींनी ती काढली, कारण लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचा वेग लागतो. पद मिळालं नाही, लग्न झालं, आणि आता ती घरून करण्याजोगं टायपिंगचं काम शोधते आहे.

उदाहरण मुद्दामच असं घेतलं आहे की त्यात कुणी खलनायक नाही. मारहाण, दारू, पोटगी बुडवणं हे सगळं वजा केल्यावरही जे उरतं त्याविषयी मला बोलायचं आहे.

एकट्या बाईचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1863 साली पुण्यात फुले दांपत्यानं काढलेल्या बालहत्याप्रतिबंधक गृहापासून कर्व्यांच्या हिंगण्यापर्यंत आणि पुढे 1988च्या संगमनेरच्या परित्यक्ता परिषदेपर्यंतचा रस्ता वाचकाला ठाऊक आहे. निवारा, शिक्षण, पोटगी, स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड या मागण्या त्या वाटेवर घडल्या, आणि त्या अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. पण आपल्या उदाहरणातल्या बाईला कुणी टाकलेलं नाही. तिच्या मुलाला बाप आहे, फक्त तो चाकणला आहे. जुन्या चळवळीच्या शब्दांत तिची अडचण पकडता येत नाही, म्हणून ती अडचणच नाही असं मानलं जातं.

तिनं परत नांदायला जावं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. सरकारकडून बायकांना मिळणारे महिन्याचे 1500 रुपये ही मदत आहे, उपजीविका नाही. बचतगट काढा म्हणणाऱ्यांनी आधी गटातल्या बायकांचे दिवसाचे तास मोजावेत. माझा खरा वाद आहे तो यांच्यापेक्षा शहाण्या, आधुनिक मताशी: काम लवचीक केलं की बाईला बळ येतं.

हे मत प्रतिष्ठित आहे. ऑगस्ट 2022मध्ये तिरुपतीला झालेल्या राष्ट्रीय कामगार परिषदेत खुद्द पंतप्रधानांनी घरून काम आणि लवचीक वेळा ही भविष्याची गरज असल्याचं सांगितलं, आणि स्त्रियांचा श्रमातला वाटा वाढवण्यासाठी लवचीक कार्यस्थळांचा मार्ग सुचवला. पगारी नोकरी असलेल्या, दार लावून बसायला वेगळी खोली असलेल्या बाईसाठी यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. पण सोनाळ्यात हे तत्त्व उतरतं तेव्हा त्याचं काय होतं?

आधी ते फसवणूक होऊन उतरतं. घरबसल्या डाटा एंट्रीची जाहिरात मोबाइलवर येते. नोंदणीची रक्कम भरा, करारावर ऑनलाइन सही करा, इतके फॉर्म इतक्या दिवसांत भरा. रात्री जागून फॉर्म भरले की कळतं, अचूकता ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी आहे, मोबदला नाही. त्यानंतर वकिलाच्या नावानं नोटीस येते की करारभंग झाला, दंड भरा नाहीतर खटला. नोटीस बनावट असते, पण कोर्टाची पायरी एकदा चढून आलेल्या बाईच्या पोटात त्या कागदानं गोळा येतो. 1930 हा सायबर तक्रारीचा क्रमांक आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ही फसवणूक इतकी चालते याचं कारण बाईचा भोळेपणा नाही. घरातून न हलता, मुलाला न सोडता, आहे त्या कौशल्यावर पैसे, ही तिची नेमकी गरज आहे. ठगांनी ती धोरण आखणाऱ्यांपेक्षा बारकाईनं वाचली आहे.

पण फसवणूक बाजूला ठेवू, खरं काम मिळालं असं धरू. कुणाचा प्रबंध, कुणाचं आत्मचरित्र, जुन्या कृतिदेव फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणण्याचं काम. दर पानावर. 2017पासून मराठीत बोलून मजकूर उमटवता येतो, छापील पानावरून अक्षरं ओळखणारी यंत्रं आली आहेत, त्यामुळे हे काम आटतं आहे आणि उरलं ते यंत्राला न वाचता येणारं, किचकट हस्तलिखित. ते कधी येईल हे देणारा ठरवतो. आलं की परवापर्यंत हवं असतं. न आलं तर ती वाट पाहते, आणि वाट पाहण्याच्या दिवसांचा कुठेच हिशेब नाही. मग यात लवचीक कोण आहे? काम देणारा मोकळा आहे, वाकते आहे ती बाई. लवचीकपणा हा कामाचा गुण आहे असं सांगितलं जातं; तो कुणाच्या हातात आहे हे सांगितलं जात नाही.

आणि ‘पोराकडेही लक्ष राहील’ याचं काय? टायपिंग हे डोळ्यांचं काम आहे. मूळ कागदावरून नजर हटली की ओळ सुटते, ओळ सुटली की पान परत येतं. मूल सांभाळणं हेही डोळ्यांचंच काम आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019च्या वेळवापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवताना दिसल्या, पुरुष 97. पण मिनिटांची ही बेरीजही पुरती खरी नाही. आईचा वेळ सलग नसतो. दूध उतू जाण्याच्या, मुलानं हाक मारण्याच्या, वीज जाण्याच्या मधल्या फटींत तो सापडतो. त्या फटींची बेरीज चार तास झाली म्हणून चार तासांचं टायपिंग होत नाही.

लवचीकतेचे समर्थक इथे लिज्जतचं नाव घेतात. घेऊ द्या, कारण ते उदाहरण त्यांच्या विरोधात जातं. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड सुरू केले. पापड घरीच लाटले जातात हे खरं. पण पीठ केंद्रावर तयार होतं, लाटलेले पापड केंद्रावर जमा होतात, मजुरी तिथे मिळते, आणि लाटणारी संस्थेची सभासद असते. घराबाहेर तिला एक जागा आहे जिथे तिचं नाव आहे. विड्या वळणाऱ्या बायकाही घरीच वळत. त्यांच्यासाठी 1966चा कायदा झाला आणि मालकानं विड्या नाकारल्या तर तो वाद कुणी सोडवायचा याची सोय त्यात केली गेली. साठ वर्षांपूर्वी नाकारलेल्या विडीला दाद होती. आज नाकारलेल्या पानाला नाही.

इथे मला एक फरक नीट मांडायचा आहे, जबाबदारी आणि हजेरी यांतला.

जबाबदारी अंतरावरून घेता येते. फी भरता येते, डॉक्टर कोणता ते ठरवता येतं, अभ्यास विचारता येतो, मायाही करता येते. चाकणच्या बापाची माया खोटी आहे असं म्हणणारा मी कोण? हजेरी मात्र अंतरावरून देता येत नाही. ताप रात्री दोनला चढतो तेव्हा, शाळा अकराला सुटते तेव्हा, मूल नुसतंच शेजारी बसा म्हणतं तेव्हा कुणाचं तरी शरीर तिथे असावं लागतं. दूर राहून दोघांनी मिळून मूल वाढवायचं म्हणजे जबाबदारी वाटून घ्यायची आणि हजेरी सगळी एकाच्या नावावर. तो एक बहुतेक वेळा ती असते. मूल बापाकडे असेल तर त्यालाही हाच नियम लागू आहे.

आपला कायदा जबाबदारी ओळखतो. जानेवारी 2020मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दूर राहणाऱ्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यावं, शक्य असेल तर व्हिडिओ कॉलवर, असं म्हटलं. योग्यच म्हटलं. पण त्या दहा मिनिटांसाठी या टोकाला मुलाला जेवू घालून, फोन चार्ज करून, रेंज येते त्या ओट्यावर कुणीतरी बसवतं, आणि फोन ठेवल्यावर रडणाऱ्या मुलाला कुणीतरी जवळ घेतं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरहून वर गेलेल्या खटल्यात न्यायालयानं पोटगीसाठी दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं असं ठरवलं, आणि मुलांसाठी बाईनं नोकरी सोडली असेल तर ते लक्षात घ्यावं असंही म्हटलं. मोठं पाऊल आहे ते. तरी त्यात प्रामुख्यानं दिसतो तो झालेला त्याग. आज, या आठवड्यात, चालू असलेले तास त्या प्रतिज्ञापत्रात कुठे लिहायचे?

बापही कारखान्यात हजेरीच देतो, हा आक्षेप मला मान्य आहे. बारा तासांची पाळी आणि खोलीत चौघं, हे सुखाचं जिणं नाही. पण त्याची हजेरी लागते. यंत्र बंद पडलं तरी त्याचा दिवस भरतो. तिचं मूल आजारी पडलं तर दिवसही जातो आणि पानही.

हजेरीचं मोल या राज्याला कळत नव्हतं असं नाही. 1972च्या दुष्काळात गावोगाव पसरलेल्या, 1977च्या कायद्यानं हक्क बनलेल्या रोजगार हमीच्या हजेरीपटावर लाखो बायकांची नावं चढली. तीच कल्पना 2005च्या राष्ट्रीय कायद्यात गेली तेव्हा त्यात एक तरतूद होती: कामावर आलेल्या बायकांसोबत पाच किंवा अधिक लहान मुलं असतील तर त्यांतल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं, आणि तिला मजुरी द्यायची. हजेरीपटांत खोटी नावं घुसली, पाळणाघरं पुष्कळदा कागदावरच राहिली, हे ठाऊक असूनही मी म्हणतो की आपल्या धोरणांतली ही फार मोलाची ओळ आहे. मूल सांभाळणारी बाई त्या वेळेत खडी फोडत नाही, आणि तरी ती कामावर आहे, हे सरकारनं लेखी मान्य केलं. खडीजवळ जे मान्य झालं ते कळफलकाजवळ का होऊ नये?

म्हणून घरबसल्या टायपिंगच्या आणखी शिबिरांची मला आस नाही. सोनाळ्यासारख्या गावात ग्रामपंचायतीची एक खोली, चार संगणक, शाळा सुटल्यावर मुलं सांभाळायला पगारी नेमलेली एक बाई, आणि शासनाच्याच कचेऱ्यांतल्या जुन्या कागदांचं, ठरलेल्या दरानं आणि नाकारल्यास दाद मागता येईल अशा करारानं दिलेलं काम. आणि दूरच्या बापाकडून येणाऱ्या रकमेत मुलाच्या खर्चाखाली आणखी एक वेगळी ओळ असावी, दोघांपैकी जो हजर आहे त्याच्या तासांची. समजुतीनं वेगळी झालेली दोघं ती आपसांत ठरवू शकतात, कोर्टाची वाट पाहायची गरज नाही. ती रक्कम लहान निघेल, चाकणच्या पगारातून मोठी निघणारच नाही. तरीही ती खर्चात मिसळू नये. मिसळली की पोटगी वाढवून मागितली असं होतं, आणि मग बोलणं पैशांवर येऊन थांबतं. मुलाजवळ कोण बसलं होतं हे विचारलंच जात नाही.