पायात चप्पल, बोटात अंगठी

नागपुरात फोनवर 'कुठे आहेस?' असं विचारलं की उत्तर येतं, 'बर्डीवर.' बाकीच्या वस्त्या महालात, इतवारीत, धरमपेठेत. बर्डी मात्र 'वर'. बर्डी म्हणजे सीताबर्डी. तिथे टेकड्या आहेत, किल्ला आहे, १८१७मध्ये एक लढाईही तिथेच झाली. तो चढ आमच्या बोलण्यात अजून शिल्लक असावा असं मला वाटतं. हेच उत्तर एखादी मुलगी इंग्रजीत देते, 'आय ॲम ऑन बर्डी', आणि समोरचा हसतो. त्या हसण्याने पुष्कळ मुलींची तोंडं कायमची बंद होतात, म्हणून 'वर' आणि 'ऑन'चा हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. तेव्हापासून पुस्तकांत एक चेंडू आणि एक खोका आहे. चेंडू खोक्यात, खोक्यावर, खोक्याखाली. इन, ऑन, अंडर. पण इथे दोन्ही भाषांचं एकमत आहे, मुलाला हे घरूनच येतं. जिथे भाषा फुटतात तिथे पुस्तक गप्प बसतं.

चप्पलच घ्या. आपण म्हणतो पायात चप्पल, बोटात अंगठी, हातात बांगड्या, गळ्यात माळ. सदरा अंगात, पण शाल अंगावर. मराठी इथे बारकाईने पाहते: एक वस्तू दुसरीत गुंतली की 'त', नुसती टेकली की 'वर'. कोण कुणाच्या आत आहे याची ती फिकीर करत नाही. इंग्रजीला हा फरक दिसत नाही. अंगाला लागलं ते बहुतेक 'ऑन'. उलट झाडावरचा पक्षी तिला पानांच्या आत दिसतो, म्हणून 'इन द ट्री'. सुनजा चोई आणि मेलिसा बोअरमन यांनी १९९१मध्ये दाखवलं, की इंग्रजी आणि कोरियन घरांतली मुलं दोन वर्षांची होण्याआधीच जागेची वाटणी आपापल्या भाषेच्या पद्धतीने करू लागतात. कोरियनमध्ये बोटात अंगठी घालणं आणि खोक्यात कॅसेट बसवणं यांना एकच क्रियापद आहे, कारण दोन्ही घट्ट बसतात. म्हणजे 'रिंग इन माय फिंगर' म्हणणारी मुलगी अडाणी नसते. तिची मांडणी पुरी झालेली असते, ती फक्त दुसऱ्या भाषेची असते.

सगळ्यात छळतो तो 'ॲट'. मोठ्या शहराला 'इन', लहान गावाला 'ॲट', असा नियम आपण पाठ केला. मग 'हायकोर्ट ऑफ ज्युडिकेचर ॲट बॉम्बे' हे नाव कसं? मुंबई काही लहान गाव नव्हे. उत्तर आपल्याच पत्त्यांत आहे. मराठीत 'मु. पो.' लिहितो, तेच इंग्रजीत 'ॲट पोस्ट'. ॲट म्हणजे मुक्काम. जागेचा पसारा बाजूला ठेवून ती एक टेकण्याचं ठिकाण म्हणून पाहायची. मराठीत हे काम 'ला' करतो, 'पाशी' करतो, आणि 'घरी', 'दारी' यांतला सप्तमीचा जुना 'ई' करतो. 'मी स्टेशनला आहे' म्हणणाऱ्याला ॲट आधीच कळलेला असतो. त्याला हे कुणी सांगत नाही, इतकंच.

परीक्षेत 'ऑन बर्डी' चालवून घ्या असं मी म्हणत नाही. इंग्रजी नीट यायलाच हवी. पण इंग्रजीच्या तासाला मराठी बोलली की दंड, अशा शाळा आहेत, आणि अशा शाळेत ही तुलना करायची तरी कशी? माझ्या तासाला मी लाल रेघ ओढायची सोडून मुलांना आधी मराठीतली वाक्यं फळ्यावर लिहायला लावतो. परवा बसची गोष्ट निघाली. आपण बसमध्ये, ऑटोत, कारमध्ये. इंग्रज मात्र 'इन द कार' आणि 'ऑन द बस'. असं का? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'सर, बसमध्ये उभं राहता येतं, चालता येतं. ऑटोत नुसतं बसावं लागतं.' मी विचारलं, 'आणि मेट्रो?'

'ऑन,' ती म्हणाली, आणि फळ्याकडे आली.